‘ऋण सोड’ म्हणताना जीभ अडते

पत्र : ताई, मी ५४ वर्षांची, अविवाहित, अहिल्यानगर जिल्ह्यात परिचारिका आहे. २०१४ साली धाकट्या भावाने धंद्यासाठी माझ्याकडून ३,२०,००० रुपये घेतले. मुदतठेव मोडून दिले, कागद केला नाही. तो पुण्याला गेला आणि फोन बंद. २०१७ मध्ये बाबा गेले, मातीलाही आला नाही. मग आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मी एकटी करते. गेल्या मे महिन्यात तो बायको-मुलाला घेऊन परत आला. आईने मटणाचं जेवण घालायला लावलं, मंडळीतली बारा घरं बोलावली. रांधलं मीच. आपल्या चार तोळ्यांच्या पाटल्या तिने सुनेच्या हातात घातल्या आणि ‘वरच्या दोन खोल्या याच्या’ असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. घर बाबांच्या नावावर आहे, मृत्युपत्र नाही. आता तो टेम्पोसाठी कर्ज काढतोय आणि जामीन मी राहायचं म्हणतो. पाळकसाहेब म्हणाले, ‘उधळ्या पुत्राची गोष्ट वाचा.’ वाचली. पैसा उधळून परतलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो आणि घरी राबणारा थोरला रुसतो. मला थोरल्याचंच खरं वाटलं. तीन महिने चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घेतलेलं नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं, तशी तू आमची ऋणं सोड’ या एका ओळीला मी गप्प राहते.

उत्तर : सिस्टर, त्या ओळीला गप्प राहता, हे घोकून म्हणण्यापेक्षा बरं. निदान ती ओळ तुम्हाला ऐकू येते.

ती नीट बघू. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मागणं ‘ऋणां’चं आहे, आणि ती ‘सोडण्या’चं. मूळ ग्रीक क्रियापद साधं, रोजच्या वापरातलं आहे. पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूमागे गेले तिथे तेच, पेत्राच्या सासूला ताप सोडून गेला तिथेही तेच. आपल्या मराठीतलं ‘सोडणं’ त्याला इतकं चपखल बसतं की वेगळं समजावायला नको. त्यात कुठेही ‘विसरणं’ नाही, ‘काही झालंच नाही असं वागणं’ नाही, ‘पुन्हा हातात पैसे देणं’ तर नाहीच नाही.

आणि जे सोडायचं ते आधी मोजावं लागतं. मत्तय १८ मधल्या राजाची गोष्ट लोक क्षमेपासून सुरू करतात. ती सुरू होते हिशेबापासून. राजाने चाकरांचा हिशेब घ्यायला घेतला, आकडा निघाला दहा हजार तालांत, आणि मग त्याने तो सोडला. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांची मजुरी! सुटून आलेल्या त्या चाकराने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी. पण शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी होते. येशूने ती रक्कम चिल्लर ठरवलेली नाही. ‘देवाने तुला एवढं सोडलं, तुझं ते काय मोठं’ असं कुणी ऐकवलं तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा. देवाने सोडलेलं अफाट आहे म्हणून तुमचं लहान होत नाही, फक्त ते सोडण्याची ऐपत तुमच्यात येते.

तुमची अडचण मला अशी दिसते की तीन वेगवेगळी खाती तुम्ही एकाच गाठोड्यात बांधली आहेत आणि ते गाठोडं एका दमात सोडायला बघता. ते सुटत नाही. ‘जाऊ दे’ म्हणायचं आणि रात्री आईची कूस बदलताना पहिल्यापासून सगळं उगाळायचं, असं होत राहतं. एक वही घ्या, तीन पानं करा.

पहिल्या पानावर भावाचं देणं. ३,२०,००० आणि साल, एवढंच. बाबांची माती, बंद फोन हे त्याच पानावर पण रेघेखाली, कारण ते पैशाने फिटणारं नाही. मग मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्याच्याशी एकट्यानेच बोला. जेवणाच्या ताटावर नको, आईमार्फत नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. महिला मंडळात ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणूनही नको. आपल्याकडे निम्म्या चहाड्या त्याच नावाने होतात. वाक्य छोटं ठेवा : ‘२०१४ ला तू तीन लाख वीस हजार नेलेस. बाबांच्या मातीला आला नाहीस. मला दोन्ही लागलं. पैशाचं काय करणार आहेस?’ आणि थांबा. तो रडला तर रडू द्या. लगेच ‘असू दे रे’ म्हणालात तर त्याच्या तोंडचं उत्तर तुम्हीच गिळून टाकाल.

कायद्याने त्या उसनवारीची तीन वर्षांची मुदत कधीच उलटली. आज कोर्टात जाऊन काही हाती लागणार नाही. मात्र त्याने आता ‘इतके देणं आहे, देईन’ असं स्वतः लिहून सही केली, तर भारतीय करार कायदा १८७२, कलम २५(३) प्रमाणे मुदत गेलेल्या कर्जाचंही ते वचन बांधील ठरतं. कागद करणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही असं कुणी म्हणालं तर बायबलमधलं फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं पत्र उघडा. पौल ज्या अनेसिम नावाच्या दासाला परत घ्या म्हणतो, त्याच्या देण्याबद्दल लिहितो की ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, आणि हे मी स्वहस्ते लिहीत आहे. म्हणजे ज्या पत्रात एवढी मोठी विनवणी, त्यातच प्रॉमिसरी नोट.

मग ठरवा : सगळं सोडायचं, अर्धं सोडायचं, की महिन्याला पाच हजार घ्यायचे. तिन्ही चालेल. मुदत गेली म्हणून बुडलेलं कर्ज आणि तुम्ही सोडलेलं कर्ज मात्र एक नव्हे. सोडायचं तर त्याला सांगून सोडा, वहीतल्या आकड्यावर रेघ मारा, खाली तारीख घाला. राग पुन्हा उसळेल. ‘भावाला किती वेळा क्षमा करू?’ या प्रश्नावर पेत्राला मिळालेलं ‘सातांच्या सत्तर वेळा’चं उत्तर नव्याने होणाऱ्या अपराधांना लागू आहेच; माझ्या मते एकाच अपराधाच्या नव्याने आलेल्या आठवणीलाही लागू आहे. तेव्हा वही काढा, तीच रेघ पुन्हा गिरवा.

दुसरं पान आईच्या औदार्याचं, आणि इथे मी तुमच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही बोलणार आहे.

पाटल्या आईच्या. त्या तिने कुणालाही द्याव्यात. मटणही तसंच. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला इथे बरोबर लागतो : पहाटेच्या मजुरांना ठरलेला दीनार पुरा मिळाला, त्यांचं काही कापलं गेलं नाही, त्यांना खुपलं ते तासभर राबलेल्यांनाही तेवढंच मिळालं हे. धनी विचारतो, मी चांगला म्हणून तुझा डोळा वाईट का? मूळ शब्दरचना अशीच आहे, आपल्या ‘दृष्ट लागण्या’च्या जवळची. पाटल्यांकडे बघताना तुमचा डोळा तसा झाला आहे. तेवढा धुवायला हवा, आणि तो वहीने नाही, प्रार्थनेनेच.

वरच्या खोल्यांना मात्र हा दाखला लावू देऊ नका. धन्याने स्वतःच्या थैलीतून दिलं होतं. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या घरात आई, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकी तिसरा हिस्सा. भाऊ नऊ-दहा वर्षं तोंड लपवून होता म्हणून त्याचा तिसरा हिस्सा गेला नाही. तो आईने ‘दिलेला’ नाही, त्याचाच आहे. आणि आई फक्त स्वतःचा तिसरा हिस्सा देऊ शकते, तुमचा नाही. म्हणून आधी मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा. जुन्या मिशन कंपाउंडमधलं घर असेल तर जमीन ट्रस्टच्या नावावर निघण्याची शक्यता असते, मग सगळा विचार वेगळा. बाबांचंच नाव असेल तर तिघांची वारस नोंद करून घ्या. ‘घरात शांती राहावी’ म्हणून कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही करू नका. हक्क सोडायचाच असेल तर तुमचं डोकं थंड असताना, तुमच्या मर्जीने, स्वतःच्या वकिलाला दाखवून.

जामीन राहू नका. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ता थकला की बँक तुमच्या पगाराकडे बघणार. नीतिसूत्रे ६ मध्ये जामीन राहिलेल्याला, पारध्याच्या हातून हरणी सुटते तसा सूट, असं सांगितलं आहे. क्षमा एकट्याने देता येते, विश्वास समोरच्याने कमवायचा असतो. योसेफाने भावांना मिठी मारली, पण त्याआधी धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवून त्यांची परीक्षा घेतली. वीस वर्षांपूर्वी योसेफालाच विकणारे हे भाऊ या वेळी धाकट्याला सोडून पळतात का, हे त्याला बघायचं होतं. तुमच्या भावाची परीक्षा सोपी आहे : महिन्याला पाच हजार, सलग बारा महिने.

प्रभुभोजन येत्या खेपेला घ्या. ‘अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट कर’ हे मत्तय ५ मधलं वचन तुम्ही स्वतःला लावलं असणार. ते परत वाचा. तिथे भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, म्हणजे अपराध अर्पण आणणाऱ्याचा. तुमच्या मनात कुणाविरुद्ध असेल तर मार्क ११:२५ लागतं, आणि तिथे उठून जायला सांगितलेलं नाही. प्रार्थनेला उभे आहात तिथेच सोडा म्हटलं आहे. १ करिंथ ११ मधलं ‘अयोग्य प्रकारे’ हेही, पोटभर खाऊन पिऊन उपाशी गरिबांना ताटकळत ठेवणाऱ्यांबद्दल आहे. मनात गाठ असलेल्या थकलेल्या परिचारिकेबद्दल नाही.

राहिलं तिसरं पान, आणि मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. त्यावर रुपये नाहीत, रात्री आहेत. लूक १५ मधला थोरला हेच बोलतो : इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडूही दिलं नाही. ‘हा तुझा मुलगा’ म्हणतो, ‘माझा भाऊ’ नाही. पाळकसाहेब बहुधा इथवर येऊन थांबले. पण त्याच्यासाठीही बाप मेजवानी सोडून अंगणात आला, त्याला समजावत उभा राहिला, ‘माझं सगळं तुझंच’ म्हणाला. धाकट्यासाठी धावला, थोरल्यासाठी बाहेर आला. आणि करडू? ते त्याने कधी मागितल्याचं गोष्टीत कुठे दिसत नाही.

तुम्ही मागा. आईजवळ बसा आणि सांगा, ‘तू त्याला जेवण घातलंस, मला एकदा विचारलं नाहीस की तू थकलीस का.’ तिने नुसतं ऐकलं तरी चालेल. मग भाऊ-भावजयीसमोर वार ठरवा : मंगळवार आणि शुक्रवारची रात्र त्यांची, औषधं आणि डायपरचा खर्च अर्धा, महिन्याच्या तपासणीला त्याने न्यायचं. कूस कशी बदलायची, पाठीवर कुठे लाल झालंय ते कसं बघायचं, दोन दिवस सोबत राहून दाखवा. शिकवलं नाही तर ‘मला जमत नाही’ म्हणून तो आठवड्यात सुटेल. पहिल्या मंगळवारी खाली आईने हाक मारली की तुमचे पाय आपोआप खाटेवरून उतरतील. उतरू देऊ नका. जिन्यावर त्याची पावलं वाजेपर्यंत पडून राहा.