विक्षिप्त, तिरसट, तऱ्हेवाईक की वल्ली?

प्रश्न दापोलीकडच्या एका वाचकांचा आहे. त्यांच्या आंब्याचा एक फांदा शेजारच्या अण्णांच्या आगरात झुकलेला आहे. पलीकडे पडलेले आंबे अण्णा रोज सकाळी गडग्यावर ओळीने मांडून ठेवतात, एकही घेत नाहीत. पण चहाला बोलावलं तर येत नाहीत. सूनबाई त्यांना 'विक्षिप्त' म्हणाली आणि घरातली वडीलधारी मंडळी रागावली. मग योग्य शब्द कोणता?

मंडळींचा राग मला पटतो. विक्षिप्त हा शब्द थेट मनावर बोट ठेवतो. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था दिल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तिथे विक्षिप्त म्हणजे मधूनच स्थिरावणारं, पुन्हा भरकटणारं चित्त. हिंदीत तर हा शब्द सरळ वेड्यासाठी वापरतात. मराठीत तो सौम्य झाला, तरी दंश उरलाच. शिवाय अण्णांचं कुठे काय भरकटलंय? रोज तीच वेळ, तीच ओळ!

तिरसटपणा बोलण्यात दिसतो. तिरसट शेजाऱ्याकडे शिडी मागितली तर "तुमची काय झाली?" म्हणून तो खेकसेल, आणि मग देईल. खवचट असेल तर हसत देईल, वर म्हणेल, "न्या हो, गेल्या वर्षीची आली तशी हीपण येईल परत." अण्णा यातलं काहीच बोलत नाहीत.

वल्ली मात्र जिव्हाळ्याचा शब्द. अरबी 'वली' म्हणजे ईश्वराच्या निकटचा, सत्पुरुष; वेल या अर्थाच्या संस्कृत 'वल्ली'शी त्याचा संबंध नाही. सत्पुरुषाला लोकरीत लागू नसते, त्यातूनच आजचा अर्थ आला असावा असं मला वाटतं. पण वल्ली म्हणायला माणसाचे चार किस्से गावभर हवेत. अण्णांचा एकच, तोही गडग्यापुरता.

म्हणून माझं मत तऱ्हेवाईक. 'तऱ्हा' हीसुद्धा मूळची अरबीच, अर्थ रीत. ज्याची रीत चारचौघांहून निराळी तो तऱ्हेवाईक. त्याच्या बुद्धीबद्दल किंवा दानतीबद्दल हा शब्द काही सुचवत नाही. हा शब्द अण्णांच्या कानावर गेला तरी शेजार मोडणार नाही.

कुणी 'इरसाल' सुचवलं तर साफ नको म्हणा. इरसालाला बेरकीपणा लागतो, आणि बेरकी माणूस हापूस परत करत नाही.