एसएलकेच्या छतासाठी साडेपाच लाखांचं लोन? जरा थांबा

बाणेरच्या एका वाचकाचा मेल आलाय, आधी थोडक्यात सांगतो. वय ४१, आयटीत नोकरी, बायकोही नोकरी करते, मुलगी यंदा दहावीला. २०१९मध्ये त्यांनी सेकंडहँड मर्सिडीज एसएलके घेतली, २००८चं मॉडेल, ते बटण दाबलं की पत्र्याचं छत तेलाच्या दाबावर घडी होऊन डिकीत जाऊन बसतं ते. आता दोन महिने झाले, डिकीतल्या कार्पेटवर तेल दिसतंय, छत अर्ध्यात अडकतं आणि पंप नुसता गुरगुरतो. सर्व्हिस सेंटरने पंप, सगळे सिलिंडर (तेलाच्या दाबाने छत हलवणारे) आणि सगळे होज (तेलाच्या नळ्या) बदलायचं ५.६ लाखांचं एस्टिमेट दिलंय. भोसरीकडचा एक मेकॅनिक म्हणतो १.३५ लाखात करून देतो. एक यूज्ड कारवाला गाडी आहे तशी ५ लाखांना न्यायला तयार आहे, छत चालू असतं तर साडेसात दिले असते म्हणे. प्रश्न असा की ५.५ लाखांचं पर्सनल लोन घेऊ, म्युच्युअल फंड मोडू की गाडी विकून टाकू. बायको म्हणते विका. आणि पावसाळा तोंडावर आलाय.

सर्वात आधी एक काम करा, हे पैशाचं नाहीये पण ह्यावर सगळे पैसे अवलंबून आहेत. छत बंद करून घ्या आणि बटणाला हात लावू नका. टाकीतलं तेल कमी झालं की पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागतो, तो गुरगुर आवाज बहुतेक त्याचाच, आणि तुम्ही "बघू आता तरी होतंय का" म्हणून रोज बटण दाबत राहिलात तर आज चांगला असलेला पंप उद्या जळेल, मग सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट तुम्ही स्वतःच खरं करून दाखवलं असं होईल. बंद होत नसेल तर मेकॅनिकला बोलवा, एकट्याने झटापट करू नका. प्रेशर गेलं की ते छत अधांतरी राहात नाही, खाली येतं, आणि खाली हात असला तर काय होईल ते सांगायला नको. अजून एक, गळती कुठून होते ते बघायला पाइपवर बोट फिरवायचं नाही. त्या सिस्टिममध्ये शंभर बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) वर प्रेशर असतं, तुमच्या टायरमध्ये असतं सव्वादोन बारच्या आसपास, म्हणजे बघा, बारीक भोकातून येणारी धार कातडीतून आत घुसते आणि ते सरळ हॉस्पिटलचं काम असतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, त्यावर डाग पडला की कळतं.

आता ५.६ लाख आणि १.३५ लाख ह्यात एवढा फरक का, हे समजल्याशिवाय कोण लुटतंय आणि कोण फसवतंय हे ठरवू नका, कदाचित दोघंही नसतील. सर्व्हिस सेंटरवाले सुटा भाग दुरुस्त करत नाहीत, ते अख्खी असेंब्ली बदलतात, त्यांना वॉरंटी द्यायची असते आणि सिलिंडर उघडून आतलं सील बदलत बसणं त्यांच्या पद्धतीत बसत नाही. बाहेरचा माणूस आधी बघतो की तेल येतंय कुठून. आणि बऱ्याचदा होज मधून फाटलेला नसतोच, जिथे तो मेटलच्या एंडला दाबून बसवलेला असतो तिथून झिरपतो, किंवा ओ-रिंग कडक झालेली असते, किंवा होज बिचारा ठीकच असतो आणि तेल येत असतं सिलिंडरच्या दांड्याच्या सीलमधून आणि पाइपवरून ओघळत खाली येतं म्हणून होजवर नाव जातं. ह्या वयाच्या कन्व्हर्टिबल मर्सिडीजमध्ये सिलिंडरची सीलं भुगा होणं ही जुनी गोष्ट आहे, जगभर लोक सिलिंडर काढून नवी सीलं घालून घेतात, नवा सिलिंडर घेत नाहीत. म्हणून १.३५चा आकडा मला अशक्य वाटत नाही. पण त्याने गाडी उघडून बघितलीये का नुसतं ऐकून सांगितलंय? तुमच्या मेलमध्ये ते नाहीये, आणि मला विचाराल तर आख्ख्या मेलमधली सर्वात महागडी राहिलेली ओळ तीच.

त्याला लेखी विचारा: नेमकी गळती कुठे, कुठले होज, किती सिलिंडर, सील कुठली, तेल कुठलं, आणि काम झाल्यावर किती महिने जबाबदारी घेणार. भोसरी-चिंचवडला हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं भरपूर आहेत, जेसीबीचा होज सकाळी दिला की दुपारी क्रिंप करून (टोकाला मेटलचा एंड दाबून बसवून) हातात, त्यामुळे "तिथूनच बनवून घेऊ, दोन हजारात होईल" असं कोणीतरी नक्की म्हणणार. पण जेसीबीचा होज जाडजूड असतो, ह्या छताच्या लाइन एकदम बारीक असतात आणि बिजागरीच्या जवळून जातात, छत उघडताना प्रत्येक वेळी वाकतात. जाड होज तिथे बसवला तर पहिले चार दिवस मस्त चालतो आणि मग कुठेतरी चेपतो. बारीक मापाचा, त्या प्रेशरचा आणि त्याच तेलाला चालणारा होज मिळत असेल, गाडीत घालायच्या आधी प्रेशर टेस्ट करून देत असतील तर खुशाल बनवा, नाहीतर ओरिजिनल लाइन मागवा, महाग पडली तरी. बाहेरून मागवलीत तर कस्टम ड्युटी आणि वर जीएसटी धरूनच हिशोब करा, साइटवरचा युरोमधला आकडा बघून खूश होऊ नका. तेलही मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, ब्रेक ऑइल बिइल ओतलं तर नवी सीलंही फुगून बसतील. आणि सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटची तारीख बघा हो एकदा, २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता, जुन्या फॉरमॅटमध्ये २८ लावलेला असेल तर बदलून मागा.

बरं, आता लोन. ५.५ लाख, तीन वर्षं, व्याज १४ टक्के धरलं तर ईएमआय साधारण १८,८०० आणि तीन वर्षांत नुसतं व्याज जातं सव्वा लाखाच्या थोडं वर. म्हणजे भोसरीवाल्याचं जवळपास अख्खं बिल तुम्ही बँकेला नुसतं व्याज म्हणून देणार, छताला एक नवीन स्क्रूही न लागता. हे लोन नाही म्हणजे नाही. क्रेडिट कार्डच्या ईएमआयचंही तेच, तिथे तर व्याजावर परत जीएसटी लागतो.

म्युच्युअल फंड मोडायचा तर टॅक्स काही फार नाही. तुम्ही लिहिलंय की ५.६ लाख काढले तर त्यात नफा साधारण २.४ लाख आणि सगळी युनिट्स वर्षाच्या वरची आहेत. इक्विटी फंडात वर्षाला १.२५ लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा माफ, वरच्या १.१५ लाखावर साडेबारा टक्के आणि सेस, मिळून १५ हजाराच्या आत. टॅक्ससाठी अडू नका. अडायचं ते ह्यासाठी की तो फंड तुम्ही मुलीच्या शिक्षणासाठी लावलाय आणि ती दहावीत आहे, म्हणजे पैसे लागायला दोन-अडीच वर्षं राहिली. (खरं तर त्यातला काही भाग आत्ताच इक्विटीतून हळूहळू बाहेर यायला हवा, पण तो वेगळा विषय, त्यावर वेगळा मेल करा.) आमच्या पैशाचा सल्ला द्यायच्या धंद्यातले लोक इथे लगेच सांगतात की ५.६ लाख ११ टक्क्यांनी १२ वर्षं ठेवले असते तर साडेएकोणीस लाख झाले असते. गणित बरोबर आहे, पण ह्या हिशोबाने माणसाने मिसळही खाऊ नये, त्यामुळे मी ते वापरत नाही.

इन्शुरन्स. तुम्ही लिहिलंय की ओळखीचा एक गॅरेजवाला म्हणाला, फांदी पडली असं दाखवू, क्लेममध्ये बसवू. नका करू. मोटर पॉलिसीत अपघात, आग, चोरी, पूर वगैरे कव्हर असतं, झीज आणि मेकॅनिकल बिघाड नसतो, झीरो डेप (पार्ट्सची घट न कापता क्लेम देणारं जादा कव्हर) घेतलं तरी नसतो. सर्व्हेअरला झिजलेलं सील आणि फांदीने तुटलेलं छत ह्यातला फरक कळतो, खोटा क्लेम म्हणजे सरळ फसवणूक, आणि वर तुमचा ५० टक्के नो क्लेम बोनस जाणार तो वेगळाच.

आता विकायचं का. आहे तशी दिली तर ५ लाख. सर्व्हिस सेंटरकडून करून विकली तर साडेसातातून ५.६ गेले, हातात १.९, म्हणजे हा पर्याय विकणाऱ्यासाठी तर मेलेलाच आहे. बाहेरून करून विकली तर कागदावर ६.१५. पण ते साडेसात म्हणजे डीलरचे तोंडी साडेसात आहेत, आज गाडी त्याची नाहीये म्हणून ते साडेसात आहेत, उद्या गाडी घेऊन दारात उभे राहिलात की टायर बघेल, पेंट बघेल, "साहेब आता ह्या गाड्यांना गिऱ्हाईक नाही" म्हणेल आणि पावणेसातवर येईल. मग हातात राहतात ५.४. म्हणजे ४० हजारांसाठी दोन महिने धावपळ आणि रिस्क तुमची. विकायचीच असेल तर दुरुस्त न करता विका, फक्त तीन ठिकाणी दाखवा आणि गळतीबद्दल खरं सांगून लेखी घ्या. तोटा झाला म्हणून टॅक्समध्ये काही मिळेल ही आशा सोडा, घरची वापरातली गाडी कॅपिटल अॅसेट धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर टॅक्स नाही तसा तोटाही कुठे वजा होत नाही.

म्हणजे प्रश्न खरा एवढाच उरतो की तुम्हाला ही गाडी ठेवायचीये का. आणि इथे मी आकड्यांच्या आड लपणार नाही. वर्षाला २,५०० किलोमीटर फिरते, इन्शुरन्स-सर्व्हिस धरून ९० हजार खाते, म्हणजे किलोमीटरला ३६ रुपये पेट्रोल न धरता. ही गाडी नाही, हा छंद आहे. छंदाला वर्षाला ९० हजार देणारी माणसं मी खूप बघितलीत, कोणी घोड्यावर घालतं, कोणी कॅमेऱ्याच्या लेन्सवर, मला त्यात काही वावगं वाटत नाही, दोघांचा पगार चांगला आहे. हौसेला मोल नाही म्हणतात पण ईएमआयवर हौस करू नये इतकं माझं मत आहे. आणि वहिनींचं "विका" हे गाडीबद्दल आहे की दर वेळी अचानक येणाऱ्या खर्चाबद्दल, हे त्यांना एकदा नीट विचारा, बहुतेक वेळा दुसरंच असतं.

कारण मेलमध्ये शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की इमर्जन्सीला २ लाख आहेत. महिन्याचा घरखर्च आणि होम लोनचा हप्ता मिळून १.४ लाख. अहो म्हणजे दीड महिना पण पुरत नाहीत. आयटीतल्या माणसाने, तेही आजच्या दिवसात, निदान सहा महिन्यांचे ठेवायला हवेत. मला छतापेक्षा ह्याची जास्त काळजी वाटते.

तर मी असं करेन. जूनमध्ये तुमचा बोनस येतोय, हातात साधारण ३ लाख, आणि तो तुम्ही होम लोनमध्ये भरणार होतात. ह्या वर्षी भरू नका. त्यातले १.३५ लाख छताला, बाकी सगळे इमर्जन्सीला, लिक्विड फंडात किंवा स्वीप एफडीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेव्हा मोडणारी एफडी). कामाला मर्यादा घाला २ लाखांची. उघडल्यावर मेकॅनिक म्हणाला की अजून दोन सिलिंडरची सीलं पण गेलीत तर त्याच वेळी करून घ्या, कारण अर्धी मजुरी ट्रिम (आतली पॅनलं) खोलण्या-लावण्यातच जाते, परत परत खोलण्यात अर्थ नाही. पण पंपच गेलाय म्हणाला आणि आकडा दोनाच्या वर चालला तर काम थांबवा, छत बंद अवस्थेत फिक्स करून घ्या, पाऊस त्याच छताखाली काढा आणि दिवाळीच्या आसपास विकायला काढा. बंद छताची एसएलके चालवायला काही वाईट नाही, दोन सीटची कूपे समजायची. फक्त रबर बीडिंग आणि पाणी जायच्या नळ्या साफ करून घ्या, पाला अडकला की पाणी आत येतं.

दोनच लाख का, तर आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी. २००८ची गाडी, १५ वर्षं २०२३मध्ये भरली, तुम्ही पाच वर्षांसाठी रिन्यू केलीत, म्हणजे २०२८ला परत आरटीओ, परत फिटनेस, परत ग्रीन टॅक्स. आणि २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीची रिन्यूअल फी २०२५च्या ऑगस्टमध्ये ८० हजार केलीये. तुमची गाडी बाहेरून बनून आलेली आहे, त्यामुळे आरसीवर ती कशी नोंदली आहे ते आत्ताच बघून ठेवा. म्हणजे आज छतावर जो खर्च कराल तो साधारण दोन-अडीच वर्षांत वसूल व्हायला हवा, नंतर गाडी ठेवायची की नाही हे परत नव्याने ठरवावं लागणारच आहे. दोन लाख दोन वर्षांवर पसरले तर छंदाचा खर्च वर्षाला ९० हजारांवरून १.९ लाखांवर जातो. हा आकडा दोघांनी बसून बघा, चालत असेल तर करा. ५.६ लाख तेवढ्याच काळावर पसरवून बघा, लगेच उत्तर मिळेल.

पुढच्या महिन्यापासून गाडीच्या नावाने ८ हजारांची आरडी चालू करा, वेगळ्या खात्यात. इन्शुरन्स, टायर, जे काय गळेल ते त्यातूनच, आणि ती संपली तर गाडी उभी. बाकी एसआयपी आहे तशी चालू राहू दे, तिला हात लावू नका.

मेकॅनिकने उघडून बघितल्यावर काय निघालं ते कळवा, आणि आकडा दोनाच्या वर गेला तर अॅडव्हान्स द्यायच्या आधी कळवा, नंतर नको.