कलम म्हणजे काप, जोड नव्हे

प्रश्न असा आला आहे: गुलाबाची काडी कुंडीत लावून केलेल्या झाडाला 'कलम' म्हणावं की नाही? 'दोन झाडं जोडली तरच कलम, नाहीतर ती नुसती छाट', अशी दुरुस्ती विचारणाऱ्याला कुणीतरी सुनावली आहे.

म्हणावं. खुशाल म्हणावं. अशा दुरुस्त्या करणाऱ्यांचं हल्ली पेव फुटलं आहे. इंग्रजी पुस्तकात 'ग्राफ्टिंग' वाचायचं, त्याच्यासमोर 'कलम' लिहायचं आणि मग उरलेल्या मराठीला त्या खणात कोंबायला निघायचं. छाट कलम (कापलेली काडी लावून), दाब कलम (फांदी मातीत दाबून), गुटी कलम (फांदीवर ओला गोळा बांधून) या तिन्हींत दुसरं झाड असतं कुठे? तरी नावं कलमांचीच आहेत, आणि ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या आधी माळ्यांच्या तोंडी होती.

कायद्याचं कलम, कलमबहाद्दर वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडू. ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणजे बोरूची पोकळ काडी. ती तासून लेखणी झाली, अरबीत 'क़लम' झाली आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. आता बोरू कसा करतात ते आठवा: वीतभर काडी तोडायची, धारदार चाकूने टोकाला एका दमात तिरपा काप द्यायचा. आणि गुलाबाची काडी? पेन्सिलीच्या जाडीची, १५ ते २० सेंमी लांब, तीन-चार डोळ्यांची, म्हणजे अंकुर फुटायच्या गाठींची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा डोळ्याच्या सुमारे १ सेंमी वर. कापही एका दमातच हवा. चाकू करवतीसारखा चालवला की पेशी चेंगरतात आणि काडी खालून काळी पडत सडते. खालचं टोक तिरपं ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे काडी उलटी लावली जात नाही. उलटी लावलेली काडी सहसा वाया जाते, कारण मुळं फुटायची ती मूळच्या खालच्या टोकालाच.

म्हणजे लेखणीची कृती आणि बागेतली कृती एकच. शब्दाच्या गाभ्यात आहे ती कापलेली काडी. जोडाचा तिथे पत्ताच नाही. आजच्या फारसीत 'क़लमे' म्हणजे नुसती लावायची काडी, आणि दोन झाडं जोडण्याला वेगळाच शब्द आहे, 'पैवंद'. लॅटिनमध्ये तर पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या झाडावर, बसवायच्या काडीलाही 'कालामुस' म्हणतो. काडी मातीत खोचा नाहीतर खुंटात, नाव काडीचंच. कलमी सोरा या क्षाराला कलमी म्हणतात तेही त्याच्या कांडीसारख्या लांब स्फटिकांवरून.

इथे संस्कृताभिमानी मंडळी हात वर करतात. संस्कृतात 'कलम' आहेच, एक जातीचा भात. आणि कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात त्याला 'उत्खातप्रतिरोपित' म्हटलं आहे, म्हणजे उपटून पुन्हा लावलेला. झालं, यांना वाटतं कलमाचा उगम सापडला! पण तो श्लोक नीट वाचा की. उपटून पुन्हा लावतात ते रोप, मुळांसकट. कलमाची सगळी गंमतच ही की काडीला मूळ नसतं, ते फुटवून घ्यावं लागतं. कालिदासाचा भात हा पुरावा असलाच तर 'रोप' या शब्दाचा आहे.

जोड आहे की नाही हे मराठी माळी नामाने सांगत नाही, क्रियापदाने सांगतो. काडी 'लावतात', फांदी 'दाबतात', डोळा 'भरतात', खुंटावर कलम 'बांधतात'. इतकी बारीक सोय असताना 'कलम' शब्दच अर्ध्या अर्थाने बाद करायची गरज काय? फरक व्यवहारात मात्र महत्त्वाचा आहे, हे खरं. काडीपासून केलेल्या गुलाबाला तळाशी फूट आली तर ती त्याच जातीची, राहू द्या. डोळा भरलेल्या गुलाबाला सांध्याच्या खालून आली तर ती रानटी खुंटाची. नुसती वरून छाटू नका, ती पुन्हा जोमाने येते. निघाली आहे तिथूनच ओरबाडून काढा. ठेवली तर हळूहळू वरची जात मरू शकते आणि खुंट उरतो.

'गुटी'बद्दल कुणी विचारलेलं नाही, पण तिच्यावरही अन्याय चालू आहे. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत 'गूटी' सापडतो म्हणून तो इंग्रजी मानणारे लोक आहेत. उलट आहे, तो इथून तिकडे गेला. माझ्या मते ही सरळ 'गुटिका', गोळी, बाळगुटीतली. फांदीवर ओल्या शेवाळाचा गोळा बांधलेला एकदा पाहा, दुसरी व्युत्पत्ती सुचणार नाही. पेन्सिलीएवढ्या फांदीवरून २.५ ते ३ सेंमी रुंदीची साल गोल काढायची आणि आतला बुळबुळीत थर खरवडायचा. बहुतेकांची गुटी फसते ती इथे. थर राहिला की साल पुन्हा सांधते आणि मुळं येत नाहीत. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं आणि कापाच्या वरच्या कडेला अडतं, म्हणून मुळं त्या कडेलाच फुटतात. शेवाळ भिजवून, घट्ट पिळून त्या कडेवर नीट बसेल असं गुंडाळायचं, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं आवळून. पाणी ठिबकणारं शेवाळ बांधलं तर आत कुजतं. प्लास्टिकमधून मुळांची जाळी दिसली की गोळ्याच्या खाली फांदी तोडायची. इथे काप शेवटी येतो, पण येतोच. मग केळीच्या बुडाशी फुटणारा मुनवा का कलम नाही, तोही आईपासून तोडतातच, असं कुणी विचारेल. मुनवा खणून काढतात, आणि तो झाडाने स्वतःच दिलेला असतो.

आणि 'कोय कलम' म्हणजे कोयीतून उगवलेला आंबा, हे ऐकलं की मात्र डोकं फिरतं. कोय आहे ती खुंटाची. उगवून १०-१५ दिवस झालेलं, पानं अजून तांबूस असलेलं रोप कोयीपासून ६ ते ८ सेंमीवर कापतात, मधोमध ३-४ सेंमीची चीर देतात आणि हव्या त्या जातीच्या, तेवढ्याच जाडीच्या काडीला दोन बाजूंनी तासून केलेली पाचर तिच्यात बसवून पट्टीने आवळतात. काडीची पानं आधी आठ-दहा दिवस झाडावरच काढून ठेवलेली असतात, म्हणजे डोळे फुगलेले मिळतात. निदान एका बाजूला तरी साल सालीला भिडली पाहिजे, काडी बारीक असली तर तिला एका कडेला सरकवा. मधोमध ठेवलेली बारीक काडी चार दिवस हिरवी दिसते आणि वाळते. कोयीतून नुसतं उगवलेलं झाड हवं असेल तर त्याला रोप म्हणा. आणि रोपवाटिकेच्या पाटीवर आंब्याची 'कलमाची रोपे' असं लिहिलेलं असेल तर आत जाऊन सांधा कुठे आहे ते विचारा.