वाचकांचे प्रश्न : तिचे म्हणणे कोणालाच का पटत नाही?

कोणीतरी एका तरुणीच्या मागावर आहे आणि तिचे म्हणणे कोणीही खरे मानत नाही, या सूत्रावरच्या रहस्यकथांविषयी गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. लांब पत्रांचा केवळ आशय दिला आहे.

प्रश्न : अशा कादंबऱ्यांत आई, मैत्रीण, डॉक्टर, पोलीस असे सगळेच्या सगळे नायिकेला वेड्यात काढतात. निम्मे पुस्तक होईपर्यंत माझी भीती पळून जाते आणि नुसती चीड उरते. हा या कथाप्रकाराचाच दोष म्हणायचा का?

उत्तर : दोष प्रकाराचा नाही, आळशी लेखनाचा आहे. नायिका एकटी पडायला हवी, एवढ्यासाठी लेखक भोवतालच्या सर्वांना एकाच वेळी बहिरे आणि मठ्ठ करून टाकतो, आणि मग त्या माणसांच्या वागण्यामागे आपल्याला त्यांचा स्वभाव न दिसता लेखकाची सोय दिसू लागते. तुमची चीड रास्त आहे. फक्त तिचा रोख पात्रांवर नसून लेखकावर असायला हवा.

हेच काम नीट केले तर काय होते, ते पाहण्यासाठी १९३८ चा ‘द लेडी व्हॅनिशेस’ हा हिचकॉकचा चित्रपट उपयोगी पडतो. त्यात पाठलाग नाही, परंतु अविश्वासाची मांडणी तीच आहे. आगगाडीत एका तरुणीच्या सोबत असलेली प्रौढ बाई नाहीशी होते आणि डब्यातले लोक सांगतात की अशी बाई गाडीत नव्हतीच. कटात सामील असलेले खोटे बोलतात, हे उघड आहे; मौज आहे ती कटाशी काडीचाही संबंध नसलेल्यांची. दोन क्रिकेटवेड्या गृहस्थांना गाडी थांबली तर कसोटी सामना चुकेल ही धास्ती असते, आणि एक वकील लग्नाच्या बायकोला सोडून भलतीसोबत प्रवास करीत असल्यामुळे त्याला चौकशीच नको असते. यांपैकी कोणीही त्या तरुणीचे वाईट चिंतीत नाही. शिवाय गाडी सुटण्यापूर्वीच तिच्या डोक्यात फुलझाडाची कुंडी पडलेली असते, त्यामुळे सोबतच्या डॉक्टरला भासाची उपपत्ती आयतीच मिळते. (चित्रपट न पाहिलेल्यांसाठी त्या डॉक्टरविषयी अधिक लिहीत नाही.)

पाठलागाच्या कथेतही प्रत्येकाचा अविश्वास असा वेगळ्या मुळातून यायला हवा. मैत्रिणीनेच त्या माणसाची ओळख करून दिलेली असते, म्हणून मुलीचे म्हणणे मान्य करणे म्हणजे स्वतःचा दोष मान्य करणे ठरते. वरिष्ठांच्या लेखी तो कचेरीतला सर्वांत भरवशाचा माणूस असतो. आईचे दुखणे आणखी निराळे असते. तिला आतून ते खरे वाटत असते, पण खरे मानले तर त्या क्षणापासून झोप उडणार हे ठाऊक असल्याने ती मुलीला म्हणते, ‘तू फार विचार करतेस.’ हे वाक्य दुष्टपणाने उच्चारलेले नसते, म्हणूनच ते अधिक लागते. अशी तीन माणसे लेखकाने नीट उभी केली, तर चौथ्याला कारण नसले तरी खपून जाते.

प्रश्न : शेवटी सगळे तिच्या मनाचेच खेळ होते, असे निघाले की मला फसवल्यासारखे वाटते. अशी कलाटणी न्याय्य आहे का? आणि ‘मी’ सांगत असलेल्या कथेत सांगणारीने वाचकाशी खोटे बोलावे का?

उत्तर : कथा सांगणाऱ्या ‘मी’ला चुकीचे समजण्याचा अधिकार आहे, काही गोष्टी सांगायचे टाळण्याचाही आहे, मात्र जे घडलेच नाही ते घडले असे लेखकाने तिच्या तोंडून वदवले आणि त्यावर संशय घेण्यास एकही जागा ठेवली नाही, तर तो करारभंग होय. दुसऱ्या वाचनात त्याच प्रसंगांचा दुसरा अर्थ लागला पाहिजे. उदाहरणार्थ, दाराची कडी सकाळी उघडी सापडते असे तिने तीनदा सांगितले असेल, तर त्या तिन्ही रात्री कडी लावल्याचा उल्लेख नाही, हे मागे वळून पाहणाऱ्याला दिसायला हवे.

मात्र ‘सगळे मनाचे खेळ’ या कलाटणीला माझा विरोध आणखी एका कारणासाठी आहे. तिला खोटे ठरवणारे सर्व जण त्या शेवटामुळे एका फटक्यात बरोबर ठरतात आणि आपण तिच्या बाजूने घालवलेली दोनशे पाने वाया जातात. ज्या लेखकाला हा शेवट करायचाच आहे, त्याने निदान तिच्या भ्रमामागे एखादी पूर्वी खरोखर घडलेली आणि तेव्हाही कोणी न मानलेली गोष्ट ठेवावी.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आहेत, कायदाही आहे. मग ही कथा आजच्या काळात घडूच कशी शकते? नायिका सरळ तक्रार का करीत नाही?

उत्तर : आधी कायद्याकडे पाहू, कारण जुन्या कथांवर या बाबतीत अन्याय होतो. अमेरिकेत पाठलागाविरुद्धचा पहिला स्वतंत्र कायदा कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये केला. ब्रिटनमध्ये छळापासून संरक्षण देणारा कायदा १९९७ मध्ये आला. भारतात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने. त्यामुळे त्याआधीच्या काळात घडणाऱ्या कथेतला पोलीस अधिकारी ‘त्याने अजून काही केलेले नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो निर्दय असेलच असे नाही. पुष्कळदा तो त्याच्या हातातल्या कायद्याची मर्यादा सांगत असतो.

कायदा आल्यावरही मूळ अडचण संपत नाही. पाठलागातील एकेक कृती सुटी काढून पाहिली तर ती निरुपद्रवी दिसते. समोरच्या पदपथावर उभे राहणे गुन्हा नाही, फुले पाठवणे गुन्हा नाही, त्याच बसने जाणे तर नाहीच. गुन्हा असतो तो या सर्वांच्या माळेत, आणि ती माळ केवळ तिलाच दिसत असते. म्हणून अशा स्त्रियांना तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदार यांची नोंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच आहे, पण कथाकाराच्या दृष्टीने त्यात एक भयंकर शक्यता दडलेली आहे : बारीक अक्षरात भरलेली ती वही टेबलावर ठेवली की वाचणाऱ्याला पुरावा दिसण्याऐवजी एका झपाटलेल्या मनाचा दस्तऐवज दिसू शकतो. तिने जितके काटेकोर लिहावे, तितके तिच्याविषयीचे मत वाईट व्हावे! हा प्रसंग कोणी मन लावून लिहिला, तर त्याला अंधाऱ्या जिन्याची आणि कुरकुरणाऱ्या दाराची गरजच पडणार नाही.

राहिला प्रश्न यंत्रांचा. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे तिचे म्हणणे मनावर घ्यायला इतरांनी लावलेला उशीर हाच पुरावा नष्ट करतो. अविश्वास आणि काळ असे दोघेही तिच्या विरुद्ध धावतात. फोन तर दोन्ही पक्षांचा सेवक असतो. हरवलेल्या किल्ल्या शोधण्यासाठी निघालेले छोटे ट्रॅकर पर्सच्या अस्तरात सरकवून माणसाचा माग काढता येतो, हे इतके घडले की २०२४ मध्ये ॲपल आणि गूगल यांनी मिळून अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्यास फोनवर इशारा देणारी सोय आणली. शिवाय पाठलाग करणारा बहुधा अनोळखी नसतो. अनेकदा तो पूर्वीचा जोडीदार असतो, आणि त्याला तिचा पासवर्ड तिनेच कधीतरी विश्वासाने सांगितलेला असतो.

प्रश्न : पाठलाग करणाऱ्याचा चेहरा वाचकाला लवकर दाखवावा की शेवटी?

उत्तर : तो कोण आहे हे रहस्य असेल तर शेवटी, तो कोण आहे हे तिला माहीत आहे पण इतरांना पटत नाही, अशी कथा असेल तर पहिल्या प्रकरणातच. दुसरा मार्ग अधिक कठीण आहे आणि मला अधिक आवडतो.

प्रश्न : मी स्वतः अशी कथा लिहीत आहे. तिच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवणारे माणूस कोण असावे आणि ते केव्हा यावे, हे ठरत नाही.

उत्तर : कोण यापेक्षा कशामुळे, हा प्रश्न आधी सोडवावा. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून १९४४ मध्ये अमेरिकेत ‘गॅसलाइट’ हा चित्रपट झाला. त्यातील नवरा रात्री गुपचूप वरच्या बंद मजल्यावर जाऊन दागिने शोधतो; तेथे त्याने दिवा लावला की खाली बायकोच्या खोलीतली गॅसची ज्योत मंदावते. आपल्यालाच असे दिसते की काय, या शंकेने ती खचत जाते. पुढे पोलीस खात्यातला एक माणूस तिच्यासमोर बसलेला असताना ज्योत उतरते आणि ती त्यालाही दिसते. तो तिच्या अश्रूंनी विरघळत नाही किंवा तिच्या प्रेमातही पडत नाही, त्याला केवळ तीच वस्तू दिसते, आणि एवढे पुरते. तुमच्या कथेतही विश्वास अशा एखाद्या क्षुल्लक, दोघांना एकाच वेळी दिसणाऱ्या गोष्टीतून यावा, आणि ती गोष्ट आधी किमान दोनदा तिच्या एकटीच्या नजरेतून येऊन गेलेली असावी.

वेळेबद्दल म्हणाल तर कथेचा दोन तृतीयांश भाग उलटण्यापूर्वी तो माणूस यावा. त्याहून उशीर झाला तर तो केवळ सुटका करायला आलेला वाटतो. आणि तो आल्यावर लगेच सगळे सुरळीत करू नका. एकाने विश्वास ठेवला म्हणून बाकीचे तयार होत नाहीत, उलट आता दोघांनाही वेड्यात काढण्याची त्यांची तयारी असते, आणि एवढे दिवस एकटी राहिलेल्या तुमच्या नायिकेलाही त्याच्यावर सहजासहजी भरवसा ठेवणे जमणार नाही.