डेबियन या लिनक्स प्रणालीवर प्रोग्राम काढला तरी त्याच्यासोबत आलेली पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) तशीच राहतात. ती कशी काढावीत?

आपण लिहिले आहे की एक साधा प्रोग्राम टाकताना त्याच्याबरोबर चाळीसएक पॅकेजेस आली आणि तो काढल्यावरही ती जागा अडवून बसली आहेत. गुहागर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचा डेबियनवर चालणारा जुना संगणक मी सांभाळतो. डिस्क लहान आणि इंटरनेट मोबाइलचे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

ही सगळी पॅकेजेस एकाच नात्याने येत नाहीत; कोणाशी कोणते नाते, याच्या याद्या प्रत्येक पॅकेजात असतात. ‘डिपेंड्स’मधल्या पॅकेजांशिवाय प्रोग्राम चालत नाही, ‘रेकमेंड्स’मधल्यांवाचून सहसा अडत नाही, आणि ‘सजेस्ट्स’मधली पॅकेजेस अ‍ॅप्ट, म्हणजे पॅकेजेस टाकण्या-काढण्याचे डेबियनचे साधन, आपणहून आणत नाही. २००९ साली आलेल्या लेनी आवृत्तीपासून डेबियनमध्ये रेकमेंड्सही आपोआप उतरतात. आपल्याकडचा बराचसा गोतावळा त्याच वाटेने आला असावा. टाकतानाच ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय दिल्यास तो टळतो. मात्र हा पर्याय कायमचा लावून ठेवू नये असे माझे मत आहे, कारण महिन्याभराने छपाई होईनाशी झाली की मूळ कारण कोणालाच आठवत नाही.

आता आलेल्यांविषयी. कोणते पॅकेज आपण मागितले आणि कोणते आपोआप आले, याची नोंद अ‍ॅप्ट ठेवतो आणि गरज न उरलेली पॅकेजेस काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा त्याच नोंदीवर चालते. तरीही एखादे जात नसेल, तर बहुधा दुसरे कोणतेतरी पॅकेज त्याची शिफारस करत असते किंवा नुसते सुचवत असते. मूळ सेटिंगनुसार तेवढ्यानेही ते काढले जाण्यापासून वाचते. ‘अ‍ॅप्टिट्यूड व्हाय’ या आज्ञेपुढे पॅकेजाचे नाव दिले की त्याला कोणी धरून ठेवले आहे ते दिसते.

ऑटोरिमूव्हची यादी मात्र ओळ न ओळ वाचावी. वाचनालयात मी नको असलेला मेल प्रोग्राम काढला, तेव्हा डेस्कटॉपचे मेटापॅकेज, म्हणजे इतर पॅकेजेस ओढून आणणारे नाममात्र पॅकेज, तेही गेले. ते स्वतः रिकामेच असल्यामुळे त्या दिवशी काही बिघडले नाही. पण त्याच्या आधाराने टिकलेली पॅकेजेस निराधार ठरली आणि पुढच्या खेपेस मी यादी न वाचता होकाराचे ‘वाय’ दाबल्यावर इंटरनेट जोडणी सांभाळणारा नेटवर्क मॅनेजरही निघून गेला. ऐन जूनच्या पावसात एसटीने चिपळूण गाठून मित्राकडून पेनड्राइव्हवर पॅकेजेस आणली, त्यात एक राहिले म्हणून दुसरी फेरीही झाली.

तेव्हापासून मी आधी ‘सिम्युलेट’ पर्यायाने नुसती यादी पाहतो, हवी ती पॅकेजेस ‘अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल’ने आपली म्हणून नोंदवतो आणि मगच काढतो. एखादे पॅकेज पुन्हा येऊच नये असे वाटत असल्यास अ‍ॅप्टच्या ‘प्रेफरन्सेस’ या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याला उणे प्राधान्य द्यावे; फक्त, ते डिपेंड्समध्ये असेल तर ज्याला त्याची गरज आहे तो प्रोग्रामही उतरणार नाही.