टीव्हीचं रेकॉर्डिंग करताना आवाज तुटतो

प्रश्न: केबलच्या सेटटॉप बॉक्सला यूएसबी कॅप्चर कार्ड लावून आईसाठी कीर्तन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतो, चित्र क्लिअर येतं पण आवाज मधेमधे तुटतो आणि तासाभराने ओठ पुढे, आवाज मागे. काय करू?

उत्तर: आधी सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) बघा, घोळ बऱ्याचदा तिथेच असतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग टॅबवर कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा, ॲडव्हान्स्डमध्ये ४८००० हर्ट्झ करा आणि ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच ठेवा, एकीकडे ४४१०० राहिलं की गडबड होते. कार्ड यूएसबी हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) खोचलेलं असेल तर काढून थेट कॉम्प्युटरलाच लावा, हबवर बाकीची डिव्हाइसेस असली की डेटा अडकतो. टाळ-मृदंग वाजताना आवाज फाटत असेल तर मात्र बॉक्सचा व्हॉल्यूम उतरवा, ओबीएसमधली आवाजाची पट्टी लाल होता कामा नये, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. आधी पाचच मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.