पळसपापडीच्या, म्हणजे पळसाच्या बियांच्या, अर्कात गांडुळं २५ मिनिटांत मेली. आता तो गावच्या बकऱ्यांना जंतांसाठी पाजू का?

एवढ्यात पाजू नका. गांडूळ म्हणजे जंत नव्हे.

बी. फार्मच्या शेवटच्या वर्षी आम्ही हाच उद्योग केला होता. यवतमाळकडं आमच्या धुऱ्यावर पळसच पळस. मे महिन्यात चपट्या शेंगा वेचल्या, टोकाशी असलेलं एकेक बी काढून दळलं आणि स्पिरिटमध्ये अर्क काढला. गांडुळं पटापट मेली. आम्ही पेढे आणायच्या बेतात, तर सरांनी विचारलं, "नुसत्या स्पिरिटात टाकून पाहिली का रे?" पाहिली. तीही मेली, जवळपास तेवढ्याच वेळात! आमचा अर्क नीट वाळलाच नव्हता, त्यात स्पिरिट उरलं होतं.

गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं, साध्या मिठाच्या पाण्यातही तडफडतं. पोटातल्या जंताची कातडी पाचकरसात टिकणारी. कॉलेजात गांडूळ वापरतात, कारण ते उकिरड्यावर फुकट मिळतं. चाळणी म्हणून ठीक, पण त्यावर औषध ठरत नाही.

पळसपापडी खोटी आहे असं मी म्हणत नाही. तिच्यात पॅलासोनिन हे जंतांवर चालणारं द्रव्य आहे. आमचा आजा ताकातून बी द्यायचा, ते उगाच नाही. पण अर्क कसा काढला यावर खूप अवलंबून असतं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना मिळालं ते उकळणं सोडून कमी तापमानात ईथरनं अर्क काढल्यावर. तेव्हा उकळलेला काढा आणि थंड अर्क दोन्ही तपासा.

पुढची पायरी म्हणजे खरा जंत. कापलेल्या बकरीच्या चौथ्या पोटात हिमॉन्कस नावाचा जंत सापडतो, रक्त पिणारा. कोमट सलाइनमध्ये ठेवून त्याची हालचाल बघा. एका वाटीत अर्क, एकीत अल्बेंडाझोल हे जंतांचं नेहमीचं औषध, एकीत फक्त अर्काचा द्रावक, म्हणजे ज्यात अर्क विरघळवला तो द्रव. त्याच्या अंड्यांतून अर्कात अळ्या बाहेर पडतात का, तेही पाहा.

बकऱ्यांची पाळी त्यानंतर, तीही कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आणि पशुवैद्य सोबत असतील तरच. वजन करून तीन गट पाडा: एकाला अर्क, एकाला अल्बेंडाझोल, एका गटाला नुसतं पाणी. लेंड्या जमिनीवरून उचलू नका, थेट गुदद्वारातून घ्या. पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी. मिठाच्या संपृक्त पाण्यात अंडी वर तरंगतात, ती मॅकमास्टर स्लाइडवर, म्हणजे अंडी मोजायच्या आखीव काचेवर, मोजायची. पाण्याचा गट वगळलात तर फसाल: पावसाळा सरला की अंडी आपोआप कमी होतात आणि श्रेय पळसाला जातं. चांगल्या औषधानं अंडी ९५ टक्क्यांहून जास्त घटायला हवीत.

गाभण बकऱ्या मुळीच घेऊ नका. गर्भ राहू नये म्हणून पळसाच्या बिया देण्याची जुनी चाल आहे. आणि जबड्याखाली सूज, पापणी आतून पांढरी पडलेली बकरी दिसली तर तिला कोणत्याच गटात घालू नका, त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या.